बघून सोडलेले तित्तर

अल ऐनला बदली झाल्याचं कळलं तेव्हा मी मनातल्या मनात कंपनीला भरपूर शिव्या घातल्या आणि तोंडाने "ओके सर" म्हणालो. पन्नाशी उलटल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? दुबई मरीनाच्या उंच इमारतींचे एसी आणि पंप सांभाळण्यात माझी उमेद संपली होती. आता उरलेली हाडं अल ऐनच्या बाहेर, एका म्हाताऱ्या अरबाच्या फार्मवर झिजवायची होती. फार्म म्हणजे खजुराची बाग, मोठं घर, पाहुण्यांसाठी मजलिस, उंट, बकऱ्या, त्यांच्यासाठी लावलेली लसूणघासाची शेतं आणि या सगळ्यांना पाणी आणि गारवा पुरवणारी यंत्रं. यंत्रं तेवढी माझी.

बायको दुबईत शाळेत शिकवते. मुलीचं बारावीचं वर्ष होतं. त्यामुळे त्या दोघी मनखूलच्या फ्लॅटमध्ये आणि मी फार्मवरच्या एका खोलीत, अशी संसाराची वाटणी झाली. शुक्रवारी दुपारी गाडी काढायची, घरी पोचून जेवायचं आणि झोपायचं. शनिवारी सामान आणायचं आणि झोपायचं. रविवारी संध्याकाळी परत. घरी मी फक्त झोपायला येतो अशी बायकोची तक्रार होती आणि ती अगदी खरी होती. मला त्या काळात सतत झोप यायची. झोपून उठलं की जास्तच दमल्यासारखं वाटायचं.

कुत्री मला चिलर रूमच्या, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारी यंत्रं असतात त्या खोलीच्या, मागे सापडली. सापडली म्हणजे बांधलेली होती. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब कान, बारीक कंबर. मालकाच्या नातवाने ही शिकारी जात परदेशातून हौसेने आणली होती. हौस फिटली आणि तो शिकायला निघून गेला. नोकर वेळच्या वेळी खाणं टाकत होते, पाणी ठेवत होते. तिच्याशी बोलत मात्र कुणी नव्हतं. मी यंत्राचं रीडिंग घ्यायला गेलो की ती उठून उभी राहायची आणि मी निघालो की साखळी ताणली जाईल तेवढी मागे यायची. दोन-चार दिवस मी दुर्लक्ष केलं. मग खुबूसचा तुकडा खिशात घालून नेऊ लागलो. खुबूस म्हणजे इथली मैद्याची रोटी, ताजी असली तर बरी लागते, शिळी झाली की कुत्र्यालाच घालावी. मी तिला बाई म्हणू लागलो. तिचं खरं नाव काहीतरी फ्रेंच होतं, ते मला उच्चारता येईना आणि तिलाही त्याचं काही पडलेलं दिसेना.

संध्याकाळी मला लसूणघासाच्या कडेने फिरून पाण्याच्या लाइनी बघाव्या लागत. एके दिवशी तिची साखळी सोडून बरोबर घेतलं. घासाच्या पलीकडून अचानक आवाज आला. चढत जाणारा, घाईघाईचा, एकाने सुरू केला की दुसऱ्याने पलीकडून ओढून धरायचा तसा. मी उभा राहिलो. तित्तर! राखी तित्तर, आमच्या माणदेशच्या माळावर ओरडतात तेच, त्याच सुरात. इतकी वर्षं या देशात काढली, पण मरीनाच्या विसाव्या मजल्यावर तित्तर कुठून ऐकू येणार?

आणि त्याच क्षणी बाई थिजली. पुढचा एक पाय उचललेला, शेपटी सरळ, नाक घासाकडे. अंगावरची एकही लव हलत नव्हती. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं, ते तिच्या रक्तातच होतं. मी हळूच तिच्या शेजारी गेलो आणि माझ्या तोंडून आपोआप वडिलांचे शब्द निघाले. "बघितलं. बास. चल."

वडिलांचं सांगायला हवं. त्यांच्याकडे एकनळी बंदूक होती, पिकं राखायच्या नावाखाली मिळालेली. तित्तर आणि लावे मारण्यात त्यांचा तालुक्यात हात धरणारं कुणी नव्हतं, असं ते स्वतःच सांगत. मला कळायला लागायच्या आत शिकारीवर बंदी आली. पुष्कळांनी चोरून चालू ठेवली. वडिलांनी बंदूक जमा केली. ते काही फार मोठे पक्षिप्रेमी नव्हते, पोलिसांना भीत होते. पण पायाला पडलेली सवय सुटेना. मग ते नुसताच कुत्रा घेऊन माळावर जायला लागले. कुत्रा पाखराचा माग काढी, झुडपापाशी थांबे. वडील त्याच्या मागून जात, झुडपात डोकावत, "बघितलं, बास, चल" म्हणत आणि पाठ फिरवत. कुत्र्यानेही पाठ फिरवायची. पाखरू उडवायचं नाही. मग खिशातला भाकरीचा तुकडा अर्धा कुत्र्याला, अर्धा मला. मी लहानपणी पाहिलेली शिकार ती एवढीच. पाखरू न मरणारी शिकार असते हे मला इतकं साधं वाटत होतं, की दुसऱ्या प्रकारची असते हे फक्त ऐकून माहीत होतं.

तेच मी बाईला शिकवलं. शिकवलं असंही म्हणवत नाही. रोज संध्याकाळी लसूणघासाच्या बांधावरून जायचं, तिने तित्तर शोधायचा, थिजायचं, मी शेजारी जाऊन तेच शब्द बोलायचे. सुरुवातीला ती थरथरायची, पुढे झेप घ्यायला बघायची. मी पाठ फिरवून चालू लागायचो. मग नाइलाजाने यायची. हळूहळू नाइलाज संपला. पुढे पुढे तर मी तोंड उघडायच्या आत ती मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. बघितलंस ना? मग चल की, खुबूस काढ. त्या नजरेसाठी मी दिवसभर पंपांशी झगडत होतो असं आता म्हणायला हरकत नाही. अख्ख्या फार्मवर माझ्याकडे कामाशिवाय बघणारं तेवढं एकच होतं.

"तुमची ती अल ऐनची बाई कशी आहे?" बायको जेवताना विचारायची. "तिला फिरवता तेवढं मला कधी क्रीकवर नेलंत का?"

"तू दमवतेस. ती दमवत नाही," मी म्हणायचो, आणि मग पुढचा तासभर मला बोलणी खावी लागायची.

मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, शी इज नॉट इव्हन युवर डॉग."

ते खरंच होतं. कुत्री फार्मची होती. मनखूलच्या बिल्डिंगमध्ये कुत्र्याला मनाई होती, आणि माझी खोलीसुद्धा मालकाचीच. ती जागा, ती यंत्रं, तो बांध, सगळं दुसऱ्याचं आणि मी त्यात फिरायला मिळतंय म्हणून खूश.

हिवाळा आला तसा म्हातारा मालक फार्मवर राहायला आला. त्याला सगळे बाबा म्हणत. सत्तरीच्या पुढचा, काठी घेऊन चालणारा, आवाज मात्र खणखणीत. त्याच्याबरोबर त्याचे ससाणे आले आणि ससाण्यांना सांभाळणारा पेशावरकडचा पठाण आला. आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. या लोकांच्या शिकारीत बंदूक नसते. उघड्यावर शिकारीला बंदीच आहे. परवाना काढून राखीव रानात जायचं, तिथे पिंजऱ्यात वाढवून सोडलेला हुबारा असतो. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊ म्हणा. कुत्र्याने तो शोधायचा, मालकाने हातावरच्या ससाण्याची टोपी काढायची, इशारा झाला की कुत्र्याने झेप घेऊन हुबारा उडवायचा आणि वरून ससाण्याने तो धरायचा. कुत्रा, माणूस आणि ससाणा, तिघांची कामं ठरलेली.

एका संध्याकाळी बाबाने गाडीतून बाईला बांधावर थिजलेली पाहिलं. गाडी थांबली. काच खाली आली.

"हबीबी, ये तुम सिखाया?"

मी मान हलवली. तेवढ्यात ती माझ्याकडे वळून बघू लागली म्हणून मी घाईघाईने तिला पट्टा घातला. बाबाने पुढचं पाहिलंच नाही. "माशाल्ला," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी उस्ताद सांगत आला, की पुढच्या शिकारीला ती कुत्री येणार आणि ती माझंच ऐकते म्हणून मीही येणार. मला सुट्टीच्या दिवशी घरी जायचं होतं. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "जा. तसंही इथे येऊन झोपताच."

पहाटेच आम्ही राखीव रानात पोचलो. रान कसलं, वाळू आणि मधे मधे खुरटी झुडपं. थंडी चांगली होती. बाबाच्या हातावर टोपी घातलेला ससाणा, शेजारी उस्ताद, मी आणि बाई पुढे. तिला सुटं केलं आणि ती वाऱ्याविरुद्ध डाव्या-उजव्या अंगाने धावत निघाली. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगलाही मी एवढा ताठ बसलो नव्हतो.

एका झुडपाजवळ ती थिजली. आम्ही जवळ गेलो. झुडपाच्या बुडाशी वाळूच्याच रंगाचा हुबारा अंग चोरून बसला होता. बाबाने टोपी काढली. ससाण्याने मान फिरवून जग पाहिलं. सगळं कसं जिथल्या तिथे होतं.

"यल्ला!" बाबा ओरडला.

बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग हुबाऱ्याकडे सरळ पाठ केली आणि शेपटी हलवत, खुबूस मागायला माझ्याकडे चालत आली. हुबाऱ्याने एवढी सवलत बघून उठून पळ काढला आणि झुडपांमागे दिसेनासा झाला.

मग बाबा म्हणाला, "ये क्या? चिड़िया उधर, कुत्ता इधर!" उस्ताद हसू दाबायला दुसरीकडे बघत होता. बाबा मात्र हसला नाही. त्या दिवशी तिने आणखी दोनदा तेच केलं. दर वेळी तितक्याच विश्वासाने.

परतताना उस्तादने मला बाजूला घेतलं. "साहब, ये आपने क्या पढ़ाया इसको?"

मी त्याला वडिलांचं सांगितलं, बंदीचं, माळाचं, भाकरीच्या तुकड्याचं. तो शांतपणे ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मेरी उमर में ऐसा शिकारी कुत्ता नहीं देखा. बहुत शरीफ़ है. लेकिन बाबा इसको वापस दलाल के पास भेज देगा."

ज्या दलालाकडून तिला आणलं होतं त्याच्याकडे. तो तिला कुणाला विकेल, पिल्लं काढायला ठेवेल की आणखी कुठल्या चिलर रूमच्या मागे बांधेल, कुणाला ठाऊक. उस्तादने बाबाला कसंबसं समजावून हा मोसम संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. थंडी संपायच्या आत पुन्हा शिकारीला जायचं होतं. तेव्हा तिने पाखरू उडवलं तर ती फार्मवर राहणार, नाहीतर दलालाकडे. आणि तिला शिकवायचं कुणी, तर ती ज्याचं ऐकते त्याने.

मी दमलेलो होतो हे आधीच सांगितलंय. पण त्या आठवड्यांचा थकवा निराळा होता. दिवसा पंप, संध्याकाळी हे. उस्ताद बाजारातून पाळीव लावे आणायचा, पंख बांधून गवतात ठेवायचा. बाई शोधायची, थिजायची आणि माझ्याकडे वळायची. आता मी पाठ फिरवायची नव्हती. मी तिच्या मागे उभा राहून ढकलायचो, "जा बाई, जा, यल्ला." ती गोंधळायची. एकदा पुढे, एकदा माझ्याकडे. रोज तेच तेच करणारा माणूस अचानक वेड्यासारखं का वागतोय हे तिला कळेना. खुबूस दिला नाही. तोही हुकूमच होता. उस्ताद म्हणाला, रोटी बंद करा, नाहीतर ती रोटीसाठीच वळत राहील. पाखरू उडवलं की शांत बसायचं, ससाण्याच्या मधे यायचं नाही, हाही एक धडा होता.

एका संध्याकाळी उस्तादने लावा मोकळा सोडला. दोरीने बाईला पुढे ओढलं, पाखरू उडालं आणि वरून ससाण्याने ते धरलं. उस्तादने गरम असतानाच त्याचं काळीज काढून तिच्यापुढे धरलं. तिने हुंगलं. माझ्याकडे बघितलं. खावं का, असं विचारत होती की आणखी काही, मला माहीत नाही. मी मान हलवली. तिने खाल्लं. मी नंतर नळावर तिचं तोंड धुतलं. उस्ताद म्हणाला धुऊ नका, चव राहू द्या. मी धुतलंच.

शुक्रवारी घरी गेलो तेव्हा बायकोने विचारलं नाही की बाई कशी आहे. माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं. रात्रीच्या जेवणाला बाजरीची भाकरी केली होती. मी एक चतकोर तसाच ताटात ठेवला, मग तो ताटात बघवेना म्हणून खाल्ला आणि तिला दलालाचं, शिकवण्याचं सगळं सांगितलं.

"मग सोडून द्या ना," बायको म्हणाली. "जाऊ दे तिला दलालाकडे. तुम्ही का जिवाला लावून घेता?"

"दलालाकडे गेली तर दिसणार नाही," मी म्हणालो. "इथे राहिली तर निदान दिसेल." बायको गप्प बसली. पंचवीस वर्षांत ती एवढ्या लवकर गप्प बसलेली मला आठवत नाही.

थंडी सरता सरता आम्ही पुन्हा राखीव रानात गेलो. या वेळी मी खिशात खुबूस नेला नव्हता. बाई थिजली. बाबाने टोपी काढली. "यल्ला!" ती माझ्याकडे वळली नाही. एकदम झेपावली. हुबारा फडफडत उठला, त्याचे पांढरे-काळे पंख एकदम उघडले आणि वरून ससाणा आला. दूरवर वाळूत दोघं एकमेकांत गुरफटले. उस्ताद धावला. बाई त्यांच्या जवळ जाऊन जीभ बाहेर काढून बसली, शिकवल्याप्रमाणे, शहाण्यासारखी.

बाबा खूश झाला. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "ये अब इधर रहेगा. मरने तक इधर. इन्शाल्ला." तिथेच फर्मान सुटलं, की तिला स्वतंत्र खोली मिळेल, एसीची. एसी अर्थातच मी बसवायचा होता. उस्ताद माझ्याकडे बघून हसला. माझ्याही ओठांवर कसलं तरी हसू आलं असेल, कारण बाबाला ते पुरलं.

तिची खोली मी चांगली बांधून घेतली. थंडावा नीट यावा म्हणून पाइप दोनदा बदलला. पाणी आपोआप भरेल असं भांडं बसवलं. दलालाचा विषय कायमचा संपला होता. जे मागितलं ते मिळालं होतं आणि तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

ऊन वाढायला लागलं तसा बाबा शहरात परत गेला आणि ससाणेही गेले. त्या संध्याकाळी मी बाईला घेऊन लसूणघासाच्या बांधावर गेलो. पट्टा हातात धरला होता. उस्तादने जाताना बजावलं होतं, इथला रानटी तित्तर तिने धरला तर मोठा गुन्हा होईल, आता तिला सुटं सोडू नका. पण बांधावर कुणी नव्हतं. पंप एका लयीत चालू होते. पलीकडून तित्तर ओरडायला लागले होते, पूर्वीसारखेच. मला वाटलं, एकदाच. मी पट्टा काढला.

ती गेली, थांबली, थिजली. एक पाय वर. मी हळूहळू तिच्या शेजारी गेलो, खिशातला खुबूस बोटांनी चाचपत. "बघितलं, बाई," मी म्हणालो. "बास. चल." आणि मी पाठ फिरवली.

मागे घास सळसळला. पंखांचा फडफडाट झाला आणि तित्तर ओरडत उडाला. मी वळून बघितलं. तिने त्याला धरलं नव्हतं. ती घासात जिथल्या तिथे बसली होती, शिकवल्याप्रमाणे, आणि मान वर करून रिकाम्या आभाळात ससाण्याची वाट बघत होती.

मला रडू आलं. कामावरचे कपडे, खिशात टेस्टर, आणि बांधावर उभा राहून मी रडत होतो. मग मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि खुबूसचा तुकडा तिच्या तोंडापुढे धरला. तिने तो हुंगला, आणि पुन्हा वर बघितलं.